दिव्याचे पैसे, तपासणीचे पैसे

दंतवैद्याकडे जाऊन दात पांढरे करून घेण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यावरही ‘एका तासात शुभ्र हास्य’ असा फलक झळकतो, आणि त्यावर निळ्या दिव्याखाली डोळे मिटून पडलेली एक मुलगी असते. या फलकाबद्दल दोन ठाम मते ऐकू येतात. काहींच्या लेखी हा निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा आहे, तर काहींच्या लेखी विज्ञानाने करून दिलेली सोय. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण फलकावरच्या त्या दिव्यापाशी अडखळते. उपचार खरा आहे, त्याचा गुणही येतो. मात्र दवाखान्यात माणूस ज्या गोष्टीचे पैसे मोजतो ती या सगळ्यात सर्वांत कमी मोलाची असते, आणि जिचे मोल सर्वाधिक ती बहुधा पाच मिनिटांत उरकली जाते. हे म्हणणे कितपत टिकते ते पाहायचे तर समोर सहजासहजी न ऐकणारा माणूस हवा. म्हणून हायस्कुलात हयातभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी मी इथे कल्पिले आहेत. पुराव्याशिवाय ते मान डोलावत नाहीत, आणि चहाला कधी नाही म्हणत नाहीत.

“अहो, मुळात दात पांढरा असतो हे तुम्हाला सांगितलं कोणी?” गुरुजी सुरुवातच इथून करतात. “माणसाचा दात जात्याच पिवळसर. आपल्या पणजीच्या काळात सवाष्णी दातवण लावून दात मुद्दाम काळे करत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. जपानात लग्न झालेल्या बायका तेच करत. तेव्हा काळं शोभून दिसायचं, आता पांढरंफेक शोभतं. आधी जाहिरातवाल्यांनी लोकांच्या मनात न्यूनगंड पेरायचा आणि मग दंतवैद्यानं तो काढून टाकायचे पैसे घ्यायचे. याला तुम्ही उपचार म्हणता?”

यातले निम्मे मी वाद न घालता मान्य करतो. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हे दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक असते. आपल्याला दिसतो तो रंग बराचसा त्याच्या आतल्या डेंटिनचा, आणि डेंटिन पिवळसरच असते. वय वाढते तसे इनॅमल झिजून पातळ होते, आतले डेंटिन जाड होत जाते, म्हणून साठीतला निरोगी दात विशीतल्या निरोगी दातापेक्षा पिवळा दिसतो. तो रोग नव्हे. सज्ञान माणसाला तरीही तो उजळ करून घ्यावासा वाटला तर त्याची मर्जी. केस रंगवणाऱ्याला आपण जाब विचारत नाही. पण गुरुजींचे उरलेले निम्मे मला पटत नाही, कारण दाताचा रंग ही दर वेळी फॅशनची बाब नसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी, पक्के दात हाडात घडत असताना, वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते दात उगवतानाच पांढुरके ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊन येतात. ब्रश कितीही घासला तरी ते निघत नाहीत, आणि मुलगी बघायला आलेले लोक मात्र ‘दात घासत नाही वाटतं’ असे कुजबुजतात. या डागाचा उलगडा व्हायलाही तीस वर्षे लागली होती. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, तेव्हा तिथल्या जन्मजात रहिवाशांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावला; पाण्याचा संशय त्याला येत होता, पण सापडत काही नव्हते. अखेर १९३१ साली ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याच्या नमुन्यांत फ्लोराइड दाखवून दिले. गुरुजींना हे आवडेल, कारण दंतवैद्यांचे कोडे शेवटी सुटले ते प्रयोगशाळेत.

“कारणं पाच असोत की पन्नास,” गुरुजी म्हणतात, “औषध एकच ना? हायड्रोजन पेरॉक्साइड. थेनारनं १८१८ साली शोधून काढलं. मी मुलांना शिकवलंय की, रंगीत रेणूमधले एकाआड एक असलेले दुहेरी बंध ऑक्सिडेशननं तुटले की रंग जातो. इनॅमलमधून ते आत झिरपतं आणि तिथले रंगकण फोडतं, एवढंच घडतं. मग ते दंतवैद्यानं लावलं काय आणि पार्लरमधल्या बाईनं लावलं काय, रसायनाला डिग्री कळत नाही. अमेरिकेत तर हे कोर्टात गेलं होतं. तिथल्या सुप्रीम कोर्टानं दंतवैद्यांच्याच मंडळाला फटकारलं. म्हणजे पांढऱ्या दातांची मक्तेदारी टिकवायची, याहून त्यात दुसरं काही नव्हतं.”

हा गुरुजींचा सर्वांत दमदार मुद्दा आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दंतवैद्यक मंडळात आठ सदस्य होते, त्यांतले सहा स्वतः दवाखाना चालवणारे दंतवैद्य. मॉलमध्ये आणि सलूनमध्ये कमी दरात दात पांढरे करून देणारी दुकाने निघाली, तशा दंतवैद्यांच्या तक्रारी आल्या, आणि २००६ पासून मंडळाने ‘हे बंद करा’ अशी निदान ४७ पत्रे धाडली. स्पर्धा-आयोगाने आक्षेप घेतला, प्रकरण वर गेले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळाच्या विरोधात निकाल दिला. ज्या व्यवसायावर नियंत्रण ठेवायचे त्याच व्यवसायातले लोक मंडळावर बहुसंख्य असतील आणि सरकारची त्यांच्यावर प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर त्यांना स्पर्धा-कायद्यातून सूट मिळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. दंतवैद्यांचा या बाबतीत आर्थिक स्वार्थ असतो, हे या प्रकरणाने चव्हाट्यावर आणले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुकानातले ब्लीचिंग दवाखान्यातल्याइतकेच सुरक्षित आहे का, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच, त्यामुळे त्याचे उत्तरही निकालात नाही. सांगणाऱ्याचा स्वार्थ आहे एवढ्यावरून सांगितलेले खोटे ठरत नाही. ते वेगळे तपासावे लागते.

तपासले तर काय दिसते? रसायन एकच, हे खरे. पण ते कोणाच्या दातावर चालेल, कोणाच्या नाही आणि कोणाला ते मुळात नकोच आहे, हे रसायन सांगत नाही. चहा, पान, तंबाखू, मशेरी यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ते स्केलिंग आणि पॉलिशिंगने जातात. मशेरी लावणाऱ्या बाईला पांढऱ्या दातांआधी कोणी तरी तोंड उघडायला लावून गालाच्या आतली बाजू आणि हिरडीची घडी नीट पाहण्याची गरज आहे, कारण भाजलेली असली तरी ती तंबाखूच. लहानपणी, म्हणजे वयाच्या आठ वर्षांपर्यंत, टेट्रासायक्लिन पोटात गेलेल्यांच्या दातांवर राखाडी-तपकिरी आडवे पट्टे असतात. ते महिनोन् महिने चिकाटीने ब्लीच केल्यावर फिके होतात, पण पुरते जातीलच असे नाही. फ्लोराइडचा तपकिरी भाग उजळतो, पांढरे ठिपके मात्र ब्लीचिंगनंतर पहिले काही दिवस उलट अधिकच उठून दिसतात, आणि हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून जातो. पुढच्या दातावर कॅप असेल किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट भरलेले असेल तर ब्लीचिंगने त्यांचा रंग बदलत नाही. शेजारचे दात उजळले की कॅप परकी दिसू लागते. ती बदलायची तर सगळा क्रमच वेगळा आखावा लागतो. आधी ब्लीचिंग, मग निदान एक-दोन आठवडे थांबणे, मग नवे सिमेंट. कारण दातात उरलेला ऑक्सिजन सिमेंटला नीट धरू देत नाही.

आणि एकच दात काळवंडला असेल तर? लहानपणी सायकलवरून पडून मार लागलेला पुढचा दात वर्षानुवर्षे दुखत नाही आणि हळूहळू करडा होत जातो. आतली नस मेलेली असते, क्वचित मुळाच्या टोकाशी पूही साठलेला असतो, आणि याचा पत्ता लागतो तो एक्स-रेने. अशा दाताला बाहेरून जेल लावणे म्हणजे धुराचा वास घालवायला उदबत्ती लावण्यातला प्रकार. त्याचा मार्ग वेगळा आहे: रूट कॅनल करून दाताच्या आतूनच ब्लीच करायचे. ही पद्धत १९६० च्या दशकापासून रुळलेली आहे आणि तिच्यात त्या निळ्या दिव्याची गरजच पडत नाही. पार्लरमध्ये एक्स-रे नसतो, तो वाचता येणारा माणूसही नसतो. युरोपीय संघाने २०११ साली केलेला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून अमलात आलेला नियम याच जागी बोट ठेवतो. ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्याला विकायची, दर खेपेचा पहिला वापर त्याच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हायचा, त्यानंतर रुग्णाने घरी वापरली तरी चालेल, आणि अठराच्या आतल्यांना नाही म्हणजे नाही. बाकीचा वापर रुग्णावर सोडला आहे हे लक्षात घ्या. दंतवैद्य हवा आहे तो आधी तोंडात डोकावण्यासाठी.

“बरं, धरून चाललो,” गुरुजी जरा सरसावून बसतात. “डोकावून झालं. मग त्या निळ्या दिव्याचं काय? पैसे तर त्याचेच घेतात.”

खुर्चीवर काय घडते ते जवळून पाहिले तर याचे उत्तर मिळते. आधी ओठ-गाल ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसवतात. मग डॉक्टर रंगपट्टी काढतात. एका दांडीवर चिनी मातीचे सोळा नकली दात, प्रत्येकावर अक्षर आणि आकडा. त्यांतला एकेक रुग्णाच्या दाताशेजारी धरून जुळणारा शोधायचा आणि लिहून ठेवायचा. हिरड्यांच्या कडेने निळसर रेझिनची कड घालून ती घट्ट करायची, म्हणजे जेल हिरडीला लागणार नाही. मग सिरिंजमधून जेल. दवाखान्यातल्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण २५ ते ४० टक्के असते. कड नीट बसली नाही आणि थेंब हिरडीवर ओघळला की तिथली त्वचा क्षणात पांढरी पडते आणि चुरचुरते. पंधरा-वीस मिनिटांनी जेल पुसून नवे लावायचे, असे दोन-तीनदा. या सगळ्या वेळात दिवा दातांवर रोखलेला. प्रकाशाने किंवा उष्णतेने पेरॉक्साइड भराभर फुटेल ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि कागदावर ती पटते. प्रत्यक्षात दिवा लावून आणि न लावता केलेल्या ब्लीचिंगची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा तीव्र पेरॉक्साइड वापरल्यावर दिव्याने अंतिम रंगात लक्षणीय भर पडत नाही असेच दिसले. उष्णता तर जपून वापरायची चीज आहे. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात दाताच्या आतले तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नव्हत्या.

मग फलकावरचे ‘एका तासात’ कुठून आले? तासभर तोंड उघडे, दात कोरडे. कोरडे पडलेले इनॅमल प्रकाश अधिक विखुरते, म्हणून ते अधिक पांढरे दिसते. त्यात जेलचा काही परिणाम नसतो. लाळेने दात पुन्हा भिजले की एक-दोन दिवसांत तो वाढीव शुभ्रपणा ओसरतो. दवाखान्यातला ‘नंतरचा’ फोटो मात्र खुर्चीवरून उठण्याआधीच काढलेला असतो. रंगपट्टीचाही असाच खेळ. ती मुळात कॅप आणि कवळीचे दात जुळवण्यासाठी बनली. उजळ ते गडद असा तिचा क्रम लावला तरी त्यातल्या दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे नसते; कुठे लागोपाठच्या दोन छटांत फरक शोधावा लागतो, कुठे तो नजरेत भरतो. तेव्हा ‘आठ शेड उजळ’ या दाव्यातला आठ हा आकडा किलो-मीटरच्या जातीचा नाही. गुरुजींनी असा आकडा विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत पाहिला असता तर लाल रेघ मारली असती.

“म्हणजे शेवटी माझंच खरं ठरलं,” गुरुजी हसतात. “दिवा खोटा, तास खोटा, आकडा खोटा. उरलं काय?”

उरले ते ब्लीचिंग, आणि ते खरे आहे. त्याच्या घरी करायच्या पद्धतीचा शोध तर दिव्याशिवायच लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सामधल्या बिल क्लुसमायर या दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने एका रुग्णाच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी कार्बामाइड पेरॉक्साइडचे जंतुनाशक दिले आणि रात्री ते तोंडातल्या साच्यात घालून ठेवायला सांगितले. हिरड्या बऱ्या झाल्या, शिवाय दात उजळलेले दिसले. ही युक्ती वीसेक वर्षे कानोकानी फिरली. १९८९ साली हेवूड आणि हेमन यांनी ती रीतसर प्रसिद्ध केली. दातांचे माप घेऊन बनवलेला पातळ ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्रभर, दोनेक आठवडे. दहा टक्के ऐकायला भारदस्त वाटते, पण त्यातून सुटणारे हायड्रोजन पेरॉक्साइड असते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यातल्या जेलच्या दहाव्या हिश्श्याइतके हे द्रावण, सावकाश काम करून, जवळपास त्याच रंगाला पोहोचते. म्हणूनच मी म्हणतो, घाईचे पैसे वेगळे आणि गुणाचे वेगळे. ज्याला ट्रेने मळमळते किंवा ज्याच्याने रोज रात्री तो घालणे होणार नाही, त्याने खुर्चीवर बसून करून घ्यावे; त्यात गैर काही नाही, फक्त आपण वेग विकत घेतो आहोत हे माहीत असावे. पुरावा किती पक्का, असे गुरुजी विचारतीलच. घरी करायच्या ब्लीचिंगवरचे कॉक्रेनचे २०१८ चे परीक्षण ७१ चाचण्यांवर आधारलेले आहे. न ब्लीच केलेल्यांपेक्षा ब्लीच केलेले दात उजळतात हे त्यात दिसते. पण चाचण्या लहान आणि अल्पकाळच्या, त्यामुळे पुराव्याची खात्री कमी ते फार कमी, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. कोणते उत्पादन कोणापेक्षा सरस हे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदाराला हा पुरावा साथ देत नाही. आणि मिळालेला रंग कायमचा नसतो. वर्ष-दोन वर्षांत तो थोडाथोडा मागे सरकतो, चहा-तंबाखू चालू असेल तर लवकर.

“आणि दाताचं नुकसान? आमच्या शेजारची मुलगी आठवडाभर गार पाणी पिऊ शकली नव्हती म्हणे.”

दात शिवशिवणे हा या उपचाराचा नेहमीचा त्रास आहे, अपवाद नव्हे. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की काही मिनिटांत इनॅमल-डेंटिन ओलांडून तो नसेपर्यंत पोहोचतो आणि तिला डिवचतो. खुर्चीवरच्या तीव्र ब्लीचिंगच्या अनेक चाचण्यांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोकांना हा त्रास झाला आहे. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत थांबतो. जेल सौम्य असेल तर तो कमी होतो, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधी लावल्यानेही कमी होतो. पण कीड लागलेली असेल, दाताला तडा असेल, हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल, तर त्याच जेलची साधी शिवशिव ठणक्यावर जाऊ शकते, आणि यातली एकही गोष्ट आरशात पाहून कळत नाही. गरोदरपणात आणि मूल अंगावर पीत असताना हा उपचार पुढे ढकलायचा असतो, तेही विचारल्याशिवाय कळत नाही. इनॅमल झिजते, हा जो सार्वत्रिक समज आहे त्याला मात्र फारसा आधार नाही. आम्लता नीट राखलेल्या जेलने पृष्ठभाग किंचित मऊ होतो आणि लाळेतल्या खनिजांनी तो भरूनही येतो. इनॅमल खरोखर झिजवतात ते आपले घरगुती उपाय. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच, आणि इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागते. दात ‘आंबतात’ ते उगाच नाही. लिंबू-मीठ चोळून दोन दिवस दात चकचकीत दिसतात ते त्यांची वरची पापुद्री गेल्यामुळे, आणि इनॅमल एकदा गेले की पुन्हा येत नाही. राखुंडी आणि कोळशाची पूड यांनी वरचा डाग खरवडला जातो, आतला रंग बदलत नाही. उलट इनॅमल पातळ झाले की खालचे पिवळे डेंटिन अधिकच डोकावते. कोळसा आता महागड्या टूथपेस्टच्या नळीतून परत आला आहे, एवढाच काय तो काळाचा फरक. गुरुजींचा राग दवाखान्यावर, पण दातांचे जास्त वाटोळे न्हाणीघराच्या फळीवरच्या या वस्तूंनी होते.

यावर गुरुजी थोडा वेळ गप्प राहतात, आणि मग जे बोलतात ते मला सर्वांत अवघड जाते. “तुमचं सगळं मान्य केलं. तपासणी महत्त्वाची, दिवा बिनमहत्त्वाचा. पण तपासणीला आपल्याकडे किंमत आहे कुठं? ‘दंत तपासणी मोफत’ असे बोर्ड मीच गावभर बघतो. डॉक्टरनं अर्धा तास नीट बघून ‘तुमचे दात ठीक आहेत, नुसतं स्केलिंग करा’ असं सांगितलं तर त्याच्या पदरात काय पडणार? आणि दिव्याचे हप्ते तर दर महिन्याला भरायचेच. तो बिचारा प्रामाणिक राहील कशाच्या जोरावर?”

इथे माझ्या युक्तिवादाला गळती लागते हे मी कबूल करतो. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी नसलेल्याला दंतवैद्यकीचा व्यवसाय करायला मनाई केली. २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही आला. कायदा खुर्चीमागे कोण उभा राहील ते ठरवू शकतो, पण त्याने किती वेळ तोंडात पाहावे ते ठरवू शकत नाही. तो वेळ ठरतो पैशावर, आणि पैशाची मांडणी उलटी आहे: जे निदान सर्वांत मोलाचे ते फुकट, आणि ज्या दिव्याने फरक पडत नाही त्याला काही हजार. यात दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. दिव्याखाली पडून राहायला हजारो रुपये हसत देणारे आपण, तपासणीचे दोनशे मागितले की ‘नुसतं बघायचे?’ म्हणून भुवया उंचावतो. मला सुचतो तो उपाय हिशेब फोडण्याचा आहे. तपासणी, लागेल तो एक्स-रे आणि रंगपट्टीची लेखी नोंद यांचे शुल्क वेगळे लावावे, आणि ब्लीचिंग करू नये असा निष्कर्ष निघाला तरी ते द्यावे लागेल हे आधीच सांगावे. ब्लीचिंग केलेच तर रंगाची दुसरी नोंद खुर्चीवरून उठताना न घेता दोन आठवड्यांनी घ्यावी, दात पुरते भिजल्यावर, आणि फलकावर लावायचा तर तो फोटो लावावा. लग्नाची तारीख गाठायची असेल तर महिना-दीड महिना आधी यावे असेही त्यातून आपसूक ठरेल. हळदीच्या आदल्या दिवशी येणाऱ्यांना सौम्य जेलचा सावकाश रस्ता उरतच नाही, त्यांना फक्त तीव्र जेल आणि शिवशिवणारे दात घेऊन बोहल्यावर चढणे उरते.

“आणि शेजारचा दवाखाना तपासणी फुकट ठेवणार,” गुरुजी म्हणतात. “लोक तिकडे जातील.”

काही जण जातीलही. चहाच्या डागांवर ज्यांचे काम स्केलिंगने भागले असते ते तिथे दिव्याचे पैसे देऊन येतील, आणि त्यात त्यांच्या खिशापलीकडे फारसे बिघडणार नाही. मला धास्ती वाटते ती त्या एकाच करड्या दाताची, जो दुखत नाही आणि ज्याचा एक्स-रे त्या फुकटच्या तपासणीत कोणी काढला नाही.